कामातील उणीव आणि तिचे निदान

एखादा कामगार कामात कमी पडू लागला की त्याच्याविषयी पहिला शेरा बहुधा त्याच्या स्वभावाला अनुलक्षून मारला जातो. तो आळशी आहे, बेफिकीर आहे, त्याला कामाची गोडी नाही, असे म्हटले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः तो सुटलेला नसतो, केवळ त्याला नाव मिळालेले असते. ताप आलेल्या माणसाला ‘तापट’ म्हणण्याइतकेच हे निदान उपयुक्त होय. मात्र त्याचे परिणाम गंभीर असतात. या शेऱ्याच्या आधारे माणसाची बढती अडते, बदली होते, प्रसंगी नोकरीही जाते. आणि मूळ कारण जागच्या जागी राहून त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसालाही तसेच अपयशी ठरवते.

या दृष्टीने अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील एक प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. या कंपनीच्या ज्युबिली मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवण्यात आले. यंत्रे चांगली होती, कामगार अनुभवी होते, प्रत्येकाच्या कामाचे मोजमापही शास्त्रशुद्ध रीतीने ठरवलेले होते. तरीही अपेक्षित उत्पादन निघेना आणि सदोष कापडाचे प्रमाण घटेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले, तेव्हा दोष कामगारांच्या अंगी आहे असे मानून चालणे सर्वांत सोपे होते. राइस यांनी तसे केले नाही. कोण कोणते काम करतो आणि त्याचा कोणाशी संबंध येतो, याकडे त्यांनी आधी पाहिले.

एका खात्यात २२४ माग व २९ कामगार होते आणि त्यांच्यात कामाचे बारा निरनिराळे प्रकार होते. विणकराकडे २४ किंवा ३२ माग असत. बाण्याच्या कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०. ताण्याचे धागे मोठ्या प्रमाणावर तुटल्यास ते जोडणाऱ्याकडे ६० ते ८०. आणि जॉबरकडे ११२. या आकड्यांतच घोटाळ्याचे मूळ होते. कोणाचीही हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी जुळत नव्हती. विणकराचे काम कांड्या भरणाऱ्यावर अवलंबून होते. परंतु तो मनुष्य त्याच वेळी दुसऱ्या विणकराच्याही मागणीला बांधलेला असे. कापडाचा प्रकार बदलला की धागे तुटण्याचे प्रमाण बदले, मग एकावर कामाचा डोंगर कोसळे तर दुसरा मोकळा राही. माग बंद पडला, तर तो नेमका कोणामुळे, हे सांगणे अवघड होते. अशा व्यवस्थेत प्रत्येकाला दुसरा कामचुकार वाटावा, यात नवल ते काय?

सुमारे ६४ मागांच्या एका भागाची जबाबदारी सात जणांच्या एका गटावर सोपवावी, अशी कल्पना पुढे आली. कामगारांनी ती तत्काळ उचलून धरली, आणि विशेष म्हणजे पहिले गट त्यांनी स्वतःच बनवले. पूर्वी सुमारे ८० टक्के असलेली कार्यक्षमता, घडी बसल्यानंतर, ९५ टक्क्यांच्या आसपास गेली आणि सदोष कापड सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत उतरले. माग तेच होते. या यशात वेतनपद्धतीतील बदलाचा वाटा किती, यावर पुढे अभ्यासकांनी वाद घातला आहे, आणि तो वाद रास्त आहे. परंतु कामगारांचे स्वभाव बदलले, असा दावा कोणीही केला नाही.

अर्थात प्रत्येक उणीव रचनेतूनच उद्भवते असे नव्हे. रचना तपासून झाल्यावर प्रश्न एकट्या व्यक्तीपाशी येऊन थांबतो, तेव्हाही क्रम पाळावा लागतो. पूर्वी हे काम त्याला नीट येत होते काय? येत असेल, तर त्याला पुन्हा प्रशिक्षणाला धाडणे व्यर्थ आहे. मध्यंतरी काय बदलले ते शोधले पाहिजे. पंचेचाळिशीतल्या तपासनिसाच्या हातून बारीक चुका होऊ लागल्या, तर ताकीदपत्राआधी त्याची दृष्टी तपासणे शहाणपणाचे. काम कधीच येत नसेल, तर ते त्याला शिकवले कोणी, आणि कसे?

याहून सहसा दुर्लक्षिला जाणारा प्रश्न असा की, चांगले काम केल्याने त्याच्या पदरी काय पडते? कचेऱ्यांतून एक दृश्य नेहमी आढळते. ज्या कारकुनाचे टेबल दुपारीच रिकामे होते, त्याच्यापुढे शेजाऱ्याच्या फायली आणून ठेवल्या जातात. महिन्याभरात त्याचेही टेबल संध्याकाळपर्यंत भरलेले दिसू लागते. साहेब म्हणतात, हा पूर्वी चांगला होता, आता बिघडला. तो बिघडलेला नाही. कचेरीने शिकवलेला धडा त्याने बिनचूक गिरवला आहे.

संबंधिताशी बोलणे यानंतर येते, आणि ते चारचौघांत नव्हे. ‘तुमचे लक्ष नसते’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘या महिन्यात चार विवरणपत्रे मुदतीनंतर आली’ याला देता येते, आणि पुष्कळदा त्या उत्तरातच कारण सापडते: आकडे पाठवणारे दुसरे खातेच उशीर करीत असते. तसे नसेल, तर काय सुधारायचे, कोणत्या तारखेपर्यंत आणि त्यासाठी वरिष्ठ कोणती मदत देणार, हे दोघांनी मिळून लिहून काढावे. वरिष्ठाने आपल्या वाट्याचे पाळले नाही, तर पुढील शिस्तभंगाच्या कारवाईला नैतिक आधार उरत नाही.

शिवाय एकदा केलेली दुरुस्ती कायम टिकते असेही नाही. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये अहमदाबादच्या त्या गिरणीची पुन्हा पाहणी केली. गटपद्धती काही ठिकाणी तग धरून होती. परंतु स्वयंचलित मागांच्या बाबतीत ती बरीच विसकटली होती आणि जुन्या वहिवाटी परत आल्या होत्या.