कृषी विद्यापीठ आणि गाव : प्रयोगातील भागीदारी

महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी (१९७२) व दापोली (१९७२) येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. शिक्षण, संशोधन व विस्तार ही त्यांची तीन कामे होत. तथापि, विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर सिद्ध झालेली गोष्ट गावच्या शिवारात येताना पुष्कळदा अडखळते. याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडण्याचा प्रघात आहे. तो योग्य नव्हे. प्रक्षेत्रावरील प्रयोग फसला, तर संस्थेच्या नोंदवहीत एका आकड्याची भर पडते. शेतकऱ्याच्या शेतात तो फसला, तर घरचे वर्षाचे धान्य व जनावरांचा कडबा जातो. म्हणून प्रयोगाचा तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

टेरेल येथील धडा

अमेरिकेतील टेक्सास राज्यात बोंडे पोखरणाऱ्या सोंडकिड्याने कपाशीचे पीक संकटात आणले होते. तेथील कृषी खात्याचे सीमन नॅप हे पूर्वी आयोवा येथील कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी पैशाने चालविलेली नमुना-शेते पाहून लोक माना डोलावतात, परंतु घरी जाऊन जुन्याच रीतीने शेती करतात, असा त्यांचा अनुभव होता. १९०३ साली टेरेल या लहान शहरी त्यांनी वेगळी योजना मांडली. तेथील नागरिकांनी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याचे शेत निवडले आणि नुकसान झाल्यास भरून देण्यासाठी आपसांत निधीची हमी घेतली. कष्ट शेतकऱ्याचे, सल्ला नॅप यांचा व तोट्याची हमी लोकांची, अशी ही वाटणी होती. त्या हंगामात आपणास नेहमीपेक्षा सुमारे ७०० डॉलर अधिक मिळाले, असे पोर्टर यांनी सांगितले. पुढे १९१४ साली स्मिथ-लिव्हर कायदा झाला. त्यान्वये राज्यांच्या कृषी महाविद्यालयांकडे विस्ताराचे काम आले.

आपल्या देशात पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले. आता अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. विद्यापीठापर्यंत पोहोचण्याची जवळची वाट तीच होय.

गावाचे भांडवल

भागीदारीत दोन्ही बाजूंचे काही असावे लागते. गावापाशी देण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. रब्बी ज्वारीचे प्रसिद्ध मालदांडी ३५-१ हे वाण सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतूनच निवडण्यात आले. मूळ बी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेले. पारख व निवड शास्त्रज्ञांची. बियाण्याखेरीज आपल्या जमिनीची, पावसाच्या लहरींची व घरच्या गरजांची माहिती हेही गावाचेच भांडवल आहे.

प्रयोग कसा योजावा

रब्बी ज्वारीचेच उदाहरण घेऊ. राहुरी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा व भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशी वाणे दिली आहेत. हलकी जमीन असलेल्या गावी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पुढील क्रमाने जावे.

१. प्रश्न गावाने ठरवावा. सभेत शेतकऱ्यांची अडचण ऐकून घ्यावी व ती त्यांच्याच शब्दांत लिहून केंद्राकडे पाठवावी.

२. शेत सर्वसाधारण असावे. गावातील उत्तम बागायतदाराची जमीन निवडल्यास इतरांस त्यापासून बोध होत नाही. शेत वाटेवर असावे. मातीची खोली चार-पाच ठिकाणी खणून पाहावी व ती सारखी असल्याची खात्री करून घ्यावी.

३. एका वेळी एकच बदल करावा. एकाच शेतातील २० गुंठ्यांचे दोन सारखे भाग पाडून एकात नेहमीचे व दुसऱ्यात नवे बी पेरावे. हेक्टरी १० किलो या प्रमाणाने प्रत्येक भागास १ किलो बी लागते. पेरणीचा दिवस, अंतर, खत व कोळपणी दोन्हींकडे सारखीच ठेवावी.

४. तोट्याची हमी पेरणीपूर्वी लिहून ठेवावी. २० घरांनी प्रत्येकी ५ किलो ज्वारी व ५ पेंढ्या कडबा देण्याचे कबूल केले, तर १ क्विंटल धान्य व १०० पेंढ्यांची हमी होते. हलक्या जमिनीतील १० गुंठ्यांच्या पिकास एवढा आधार पुष्कळ आहे. नव्या भागात जुन्यापेक्षा जितके कमी पिकेल, तितकेच भरून द्यावे. न घटल्यास कोणी काही देणे लागत नाही.

५. नोंद शेतकऱ्याच्या घरी राहावी. पेरणी, पाऊस, कीड, खर्च व मजुरी तारीखवार लिहावी.

६. कापणी व मळणी गावासमक्ष करावी. दोन्ही भागांचे धान्य व कडबा वेगवेगळे तोलावेत. १० गुंठ्यांच्या उत्पन्नास ४ ने गुणले असता एकरी उत्पन्न निघते. भाकरी कशी होते व कडबा जनावरे आवडीने खातात की नाही, हेही पाहावे. त्याबाबत घरातील स्त्रियांचे मत अवश्य नोंदवावे.

७. निकाल विद्यापीठास कळवावा. तो प्रतिकूल असल्यास अधिक तत्परतेने कळवावा. अपयश झाकल्याने तीच चूक शेजारच्या गावात पुन्हा होते.

विद्यार्थ्यांचा उपयोग

कृषी पदवीचे विद्यार्थी अंतिम वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावी येतात. केवळ फलक लावून व छायाचित्रे काढून त्यांस परत पाठवू नये. वरील नोंदी ठेवण्याचे व मातीचे नमुने घेण्याचे काम त्यांजकडे सोपवावे. गावास शिकलेला हात मिळेल आणि विद्यार्थ्यास पुस्तकात न सापडणारी शेती कळेल.

एका हंगामाच्या निकालावर विसंबू नये. पावसाचे मान दरवर्षी बदलते. म्हणून हाच प्रयोग निदान तीन हंगाम करावा. ज्या गावाने प्रश्न विचारला, जोखीम वाटून घेतली व निकाल आपल्या हाताने तोलला, त्या गावास नवी रीत पटवून देण्यासाठी निराळ्या प्रचाराची गरज उरत नाही. आणि ती रीत टाकाऊ ठरली, तरी एका शेतकऱ्याचे घर त्यापायी उपाशी राहत नाही.