काकवीतून प्लास्टिक

ही कृती सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. घरी करून पाहायची नाही, कारण पुढे क्लोरोफॉर्म येतो आणि त्याला फ्यूम हूड हवाच. बाकी लागतं ते बहुतेक कॉलेजांत असतं: ऑटोक्लेव्ह, शेकर, सेंट्रिफ्यूज, तेलभिंगाचा सूक्ष्मदर्शक. सगळं जुळून आलं तर दोन आठवड्यांच्या आत जिवाणूंनी बनवलेल्या प्लास्टिकचा एक पापुद्रा हातात येतो.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात पीएचबी. पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मोरीस लेम्वान्य यांनी १९२०च्या दशकात ते बॅसिलस मेगॅटेरियम या जिवाणूत शोधलं. साखर मुबलक आणि नायट्रोजन तुटपुंजा अशी परिस्थिती आली की हा जिवाणू वाढू शकत नाही, कारण प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो. पण आत आलेला कार्बन तो वाया जाऊ देत नाही. सुगीत कणगी भरून ठेवावी तसे पीएचबीचे कण पेशीत साठवतो आणि उपासमारीत तेच खातो. सगळी कृती या स्वभावावर बेतलेली आहे: आधी पोसायचं, मग नायट्रोजनवाचून अडवायचं, आणि साठा खायला लागायच्या आत काढून घ्यायचं. शेवटची गोष्ट बहुतेकांची चुकते, म्हणून तिच्यावर खाली जरा जास्त लिहिलं आहे.

जिवाणू कुठून आणायचा

सोपा मार्ग विकतचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. कॉलेजच्या पत्रावर तिथून बॅसिलस मेगॅटेरियम मागवता येतो. २०२०पासून त्याचं नाव प्रिस्टिया मेगॅटेरियम झालं आहे, तेव्हा यादीत दोन्ही नावांखाली शोधा.

मातीतून स्वतः मिळवायचा असेल तर उसाच्या मुळांजवळची माती घ्या. १ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक मिठाच्या पाण्यात (०.८५ टक्के) ढवळा आणि नळी ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. साध्या पेशी मरतात, बीजाणू तगतात. मग पातळ करत हजारपट आणि दहा हजारपट द्रावणं बनवा, प्रत्येकातलं ०.१ मिली १ टक्का ग्लुकोज घातलेल्या न्यूट्रियंट अगारवर पसरा आणि ३० अंशांवर एक-दोन दिवस ठेवा.

इथे एक सावधगिरी. अन्नातून विषबाधा करणारा बॅसिलस सिरियसही याच रीतीने वर येतो आणि गंमत म्हणजे तोही पीएचबी साठवतो. त्यामुळे पुढे दिलेल्या पीएचबीच्या नुसत्या रंजनावरून निवड करू नका. मॅनिटॉल, अंड्याचा बलक आणि फिनॉल रेड असलेल्या एमवायपी अगारवर वसाहत रेघून बघा. गुलाबी वसाहत आणि तिच्याभोवती पांढुरकं वलय दिसलं तर तो सिरियस समजा, प्लेट ऑटोक्लेव्ह करा आणि विषय संपवा. मेगॅटेरियम मॅनिटॉल वापरतो, वसाहत पिवळी पडते आणि वलय येत नाही. शंका राहिली तर सरळ विकतचा आणा. पहिल्या खेपेला मी तेच सुचवीन.

कण ओळखायचे कसे

हे रंजन आधी हातात बसवून घ्या, कारण पुढे ते पुन्हा पुन्हा करायचं आहे. काचपट्टीवर पातळ लेप द्या, वाळवा, आचेवर स्थिर करा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ०.३ टक्के सुदान ब्लॅक बी विरघळवून, गाळून, लेपावर १० ते १५ मिनिटं ठेवा. रंग ओतून टाका, टिपकागदाने टिपा, झायलीनने काही सेकंद धुवा, पुन्हा टिपा. मग ०.५ टक्के सॅफ्रॅनिन जेमतेम १० सेकंद. जास्त वेळ ठेवलंत तर सगळंच लाल होतं आणि कण बुडून जातात. पाण्याने धुऊन तेलभिंगाखाली बघा.

मेगॅटेरियम चांगला दांडगा जिवाणू आहे. एरवीच्या दंडगोलांच्या शेजारी तो लगेच उठून दिसतो. गुलाबी पेशीत निळे-काळे ठिपके दिसतात. साठा थोडा असेल तर एक-दोन, भरगच्च असेल तर पेशी जवळजवळ काळी आणि गुलाबी रंग फक्त कडेला. बीजाणूंशी गफलत करू नका. बीजाणू सुदान ब्लॅकही घेत नाही आणि सॅफ्रॅनिनही. तो पेशीत रिकामा, चकाकता गोल दिसतो. साध्या ग्रॅम रंजनात पीएचबीचे कणही असेच रिकामे दिसतात, म्हणून ग्रॅमच्या काचपट्टीवरून कणांचा निकाल देऊ नये.

माध्यम

मराठीत या विषयावर कुणी लिहिलं की साखर कारखान्याच्या मळीचं नाव निघतंच, आणि ते योग्यच आहे: तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असते. पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं आणि बाटलीभर मळीसाठी कागदपत्रं करण्यापेक्षा गुऱ्हाळातून काकवी आणणं परवडतं. ती मळीपेक्षा स्वच्छही असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: उद्योगांचा लाडका पीएचबी-उत्पादक क्युप्रियाव्हिडस नेकेटर याला उसाची साखर थेट खाता येत नाही, ती आधी फोडून द्यावी लागते. मेगॅटेरियमला तशी खुशामत लागत नाही, म्हणून आपल्याकडे तोच बरा.

एका लिटरसाठी: काकवी ३० ग्रॅम, अमोनियम सल्फेट १ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (बारा रेणू पाण्याचं) ९ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम. पीएच ७.

काकवी थोड्या पाण्यात पातळ करून उकळा, निवू द्या, कापडातून आणि मग गाळणकागदातून गाळा. नाहीतर तिचा गाळ शेवटी पेशींबरोबर खाली बसतो आणि वजन फुगतं. काकवी, मॅग्नेशियम सल्फेट आणि उरलेले क्षार वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करा (१२१ अंश, १५ मिनिटं) आणि थंड झाल्यावर एकत्र करा. एकत्र तापवलं तर साखर अमोनियाच्या क्षारासोबत करपट तपकिरी होते आणि मॅग्नेशियम फॉस्फेटबरोबर साका धरतं.

अमोनियम सल्फेट एकच ग्रॅम का, हे मुलांना गणित करून दाखवा. त्या ग्रॅममध्ये नायट्रोजन सुमारे ०.२१ ग्रॅम. जिवाणूच्या कोरड्या वजनात, साठा सोडून, साधारण १२ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे या माध्यमात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास पेशी तयार झाल्या की वाढ अडली. साखर मात्र २० ग्रॅमच्या घरात, म्हणजे कार्बन ८ ग्रॅमच्या वर. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण ४०ला १. उरलेल्या कार्बनचं काय होतं, तर तोच आपला माल. उत्साहाच्या भरात कुणी यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा चमचा घातला, की पेशी भरपूर आणि प्लास्टिक नावाला.

वाढवणं आणि वेळेवर थांबणं

न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये रात्रभर वाढवलेलं विरजण (प्रयोगशाळेत इनॉक्युलम म्हणतात) ५ टक्के प्रमाणात घाला. एक लिटरच्या कोनिकल फ्लास्कमध्ये २०० मिलीपेक्षा जास्त माध्यम भरू नका. या जिवाणूला हवा लागते. ३० अंश, शेकर १५० फेऱ्यांवर.

आता घड्याळावर विसंबू नका. १८ तासांनंतर दर सहा तासांनी थेंबभर काढून सुदान ब्लॅक करा. सुरुवातीला ठिपके विरळ, मग पेशीगणिक वाढत जातात. ३६ ते ४८ तासांच्या दरम्यान कधीतरी बहुतेक पेशी भरलेल्या दिसतात. त्याच सुमारास एखाद्या पेशीत तो रिकामा, चकाकता गोल डोकावायला लागतो. तो दिसला की लगेच थांबा. बीजाणू बनवायला कार्बन आणि ऊर्जा लागते आणि जिवाणू ती याच साठ्यातून घेतो. 'अजून एक दिवस राहू दे, जास्त मिळेल' असं म्हणणाऱ्याच्या हाती रिकाम्या पेशी येतात. शनिवारी सुरू करून सोमवारी बघू, हा बेत या प्रयोगाला चालत नाही. फ्लास्क सकाळी लावा, म्हणजे शेवटच्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी येतात.

सेंट्रिफ्यूज ६००० फेऱ्यांवर १५ मिनिटं. साका शुद्ध पाण्याने दोनदा धुऊन ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, वजन लिहून ठेवा, खलात बारीक करा. वरचं द्रव ऑटोक्लेव्ह करून मगच टाका.

पेशीतून बाहेर काढणं

इथून पुढे सगळं हूडखाली. क्लोरोफॉर्मजवळ ज्योत किंवा तापलेली शेगडी नको, कारण उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. नायट्राइलच्या हातमोज्यांतून क्लोरोफॉर्म काही मिनिटांत आत जातो; सांडला तर हातमोजे ताबडतोब बदला. नळ्या, पिपेट, तबकड्या सगळं काचेचं, पॉलिस्टायरीनचं काही नाही, ते तिथल्या तिथे विरघळतं.

दर १ ग्रॅम कोरड्या पेशींना २५ मिली क्लोरोफॉर्म आणि २५ मिली ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट घ्या. झाकणाच्या काचेच्या बाटलीत ३० ते ३७ अंशांवर तास-दीड तास हलवत ठेवा. हायपोक्लोराइट पेशीची भिंत आणि प्रथिनं खातं. एकटंच वापरलं तर ते पीएचबीच्या साखळ्याही तोडतं. क्लोरोफॉर्म सोबत असला की मोकळा झालेला पॉलिमर लगेच त्यात उतरतो आणि बराचसा वाचतो.

मग काचेच्या नळ्यांत, कमी वेगावर, सेंट्रिफ्यूज करा. तीन थर दिसतात: वर हायपोक्लोराइट, मध्ये न फुटलेल्या पेशींची मळकट साय, तळाशी किंचित दाटसर क्लोरोफॉर्म. आपलं प्लास्टिक तळात आहे. लांब काचेच्या पिपेटने, वरचे थर न ढवळता, तळ ओढून घ्या आणि गाळणकागदातून गाळा. मग बर्फात थंड केलेल्या दहापट मिथेनॉलमध्ये तो थेंबाथेंबाने सोडत ढवळा. थेंब पडेल तिथे पांढरे तंतू उमटतात आणि थोड्या वेळात त्यांचा कापसासारखा पुंजका होतो. गाळा, वाळवा, वजन करा. लिटरमागे ग्रॅमभर मिळालं तर पहिल्या खेपेला खूप झालं.

काही जुन्या पद्धतींत हायपोक्लोराइटनंतर अॅसिटोनने धुतात. हायपोक्लोराइट उरलं असेल तर दोघांची झटापट होऊन उष्णता आणि क्लोरोफॉर्म तयार होतो, म्हणून या कृतीत अॅसिटोन आणलेलंच नाही. हायपोक्लोराइटवर आम्लही पडू देऊ नका, क्लोरीन सुटतो. वापरलेले क्लोरोफॉर्म-मिथेनॉल वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या बाटलीत साठवा, बेसिनमध्ये नाही.

हाती आलं ते पीएचबीच, याची खात्री १९६१मधल्या लॉ आणि स्लेपेकी यांच्या पद्धतीने करा. दोन-तीन मिलिग्रॅम पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात टाकून उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवला की त्याचं क्रोटॉनिक आम्ल होतं. थंड करून, त्याच आम्लाने आणखी पातळ करून, क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये मोजा. शोषणाचा माथा २३५ नॅनोमीटरला येतो.

पापुद्रा

अर्धा ग्रॅम पीएचबी २५ मिली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, काचेच्या पेट्री डिशमध्ये ओता, झाकण किंचित तिरकं ठेवून हूडमध्ये दिवसभर राहू द्या. घाईने वाळवलंत तर बुडबुडे आणि छिद्रं येतात. पापुद्रा दुधी दिसतो. पहिल्या दिवशी वाकतो, काही दिवसांनी ठिसूळ होतो, कारण आतले स्फटिक वाढत राहतात. तो दोष तुमच्या हाताचा नाही, पदार्थाचा आहे. पीएचबी पॉलिप्रॉपिलीनसारखंच १७५ अंशांच्या आसपास वितळतं, पण ताणलं की थोडक्यात तुटतं. वजनाच्या १० ते २० टक्के पीईजी ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घालून पाहा, बरंच सुधारतं. उद्योगांनी दुसरी वाट धरली: जिवाणूला प्रोपिऑनिक आम्लाचा खुराक दिला की साखळीत व्हॅलरेटचे दुवे येतात आणि प्लास्टिक चिवट होतं. ब्रिटनच्या आयसीआयने ते 'बायोपोल' नावाने विकलं. १९९०मध्ये जर्मनीत वेला कंपनीचा शाम्पू त्याच्या बाटलीतून आला. भाव मात्र कधी साध्या प्लास्टिकच्या जवळ गेला नाही. एक किलो पीएचबीला साधारण तीन किलो साखर लागते आणि वर काढण्याचा खर्च. माझ्या मते खरी अडचण त्या काढण्यातच आहे: मातीत जिरणारं प्लास्टिक मिळवायला आपण क्लोरोफॉर्म वापरतो, हे मुलांना स्वतःहून खटकलं तर उत्तमच.

मातीत

पापुद्र्याचे २ सेंटिमीटरचे चौकोन कापा, वजनं घ्या, नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत शिवा आणि कुंडीत ५ सेंटिमीटर खोल पुरा. शेजारी तेवढेच पॉलिथिनचे तुकडे. तिसरी कुंडी ऑटोक्लेव्ह केलेल्या मातीची, तिच्यातही पीएचबी. माती ओलसर ठेवा, चिखल नको. तिसऱ्या कुंडीला पाणीही निर्जंतुकच. दर दोन आठवड्यांनी एकेक पिशवी काढून हलक्या हाताने धुवा, वाळवा, वजन करा, पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मातीतले जिवाणू आणि बुरश्या पीएचबी तोडणारी विकरं बाहेर सोडतात. कड विरते, वर खड्डे पडतात.

तिसरी कुंडी टाळू नका. ठिसूळ पापुद्र्याचे कण धुताना गळतात आणि वजन तसंही घटतं. साध्या मातीतली घट वजा निर्जंतुक मातीतली घट, एवढंच जिवाणूंच्या खाती मांडा आणि तोच आकडा अहवालात लिहा.