एकच पान, अनेक चहा

सुरतेत भाजीवाल्याकडे ‘लीली चा’ मिळते आणि वाण्याकडे ‘ग्रीन टी’. दोहोंचा अर्थ ‘हिरवा चहा’ असाच. परंतु पहिला म्हणजे आपला गवती चहा, एक सुगंधी गवत. खरा चहा हे निराळेच झाड. नावाने जशी फसगत होते, तशी रंगानेही होते. आणि ती थोरांचीही झाली आहे.

आपल्या शहराचा चहाशी संबंध जुना आहे. १६३८ साली येथे आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने रोजच्या बैठकीत चहा घेतल्याचे लिहून ठेवले आहे. १६८९ साली आलेल्या ऑव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने पुढे १६९९ मध्ये चहावर निबंधच प्रसिद्ध केला. तरीही काळा व हिरवा चहा एकाच झाडाचा, हे युरोपास ठाऊक नव्हते. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यानेही १७६२ साली त्यांना दोन भिन्न जाती मानले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमध्ये प्रत्यक्ष हिंडून हा भ्रम दूर केला.

मग रंग बदलतो कसा? वांगे किंवा निरफणस चिरून ठेवले, की काळे पडते. फोडींतील रस व हवेतील प्राणवायू यांचा संयोग होतो आणि रसातील एक विकर तो घडवून आणते. चहाच्या पानातही हेच विकर असते. खुडलेली पाने लगेच वाफेवर किंवा कढईत तापविली, तर विकर निष्प्रभ होते. पान हिरवे राहते. हा हिरवा चहा. पाने काही तास कोमेजवून, मळून, हवेत पसरली, म्हणजे ती तांबूस होतात. मग उष्ण हवेने सुकविली, की काळा चहा सिद्ध होतो. हीच क्रिया अर्ध्यावर थांबविली, तर ऊलाँग. कोवळ्या कळ्या न मळता केवळ कोमेजवून सुकविल्या, तर पांढरा चहा. आपल्या घरची दाणेदार ‘सी. टी. सी.’ भुकटी हाही काळाच चहा. पाने दातेरी रुळांतून चिरडून, फाडून व वळवून ती करतात.

तात्पर्य, भेद बीजात नसून संस्कारात आहे. बाह्य रंगावरून जात ठरविण्यापूर्वी मुळाशी जाऊन पाहावे, हा धडा चहापुरताच नाही.