भाड्याचं मशीन ठेवताय? आधी टाकी रिकामी करा!

आळंदीत छोटे पेट्रोल जनरेटर भाड्याने द्यायचा विचार आहे? मग हे बघा. कार्तिकी यात्रा कार्तिक वद्यात, माउलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. मधे सुमारे सात महिने. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं तर ते शिळं होतं, कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो, बारीक जेट बुजतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं; ते ओलावाही ओढतं. मग ऐन प्रस्थानाला मशीन सुरूच होत नाही आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जातं.

शेवटचं भाडं संपलं की:

१. इंजिन गार झाल्यावर, मोकळ्या जागेत, आग-विडी लांब ठेवून पेट्रोल कॅनमध्ये काढा.
२. इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.
३. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा.
४. स्विच बंद ठेवून प्लग काढा, छोटा चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी हळूच दोनदा ओढा, प्लग बसवा.

चेनसॉ, ग्रास कटरलाही पहिल्या दोन पायऱ्या कराच. त्यांचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मात्र वेगळ्या कॅनमध्ये ठेवा.

मशीनवर तारखेची चिठ्ठी लावा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण सीझनचं भाडं त्यावरच टिकतं!