आधी पाटल्या सोडव

माधवनगर, उज्जैन

चि. निनादला आत्याचे अनेक आशीर्वाद.

नव्या कढईसाठी तुझ्या आईच्या पाटल्या गहाण पडल्या, हे मला बाहेरून कळावं? खरं असेल तर तुझे कान उपटायला हवेत.

परवा फ्रीगंजात मुद्दाम तुझी लसूण शेव मागितली. दुकानदारानं तळातल्या खोक्यातून पाकीट काढलं. म्हणाला, "दहावर दोन फुकट होती, म्हणून उचलली. आता दिवाळीपर्यंत मागवत नाही." घरी फोडलं, तर खवट वास. आणि तू याच ऑर्डरी बघून कढई घेतोस? अरे, ही मागणी गिऱ्हाइकाची नव्हे, तुझ्या स्कीमची! जावईबापू एमबीएच्या पोरांना इटलीतल्या बारिलाची गोष्ट शिकवतात. लोक पास्ता खायचे नेहमीइतकाच, पण सवलतींपायी घाऊकवाल्यांच्या ऑर्डरी आज डोंगराएवढ्या, उद्या शून्य. शेवटी कंपनीनं ऑर्डरी बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या वखारीतून रोज काय गेलं, ते बघून गाड्या भरल्या. तूही दुकानात 'किती पाठवू' विचारू नकोस, 'किती खपलं' विचार.

आपल्याकडचा खरा चढउतार पंचांगातच असतो. उत्तरेचा श्रावण पंधरवडा आधी लागतो, आणि महाकालाच्या सवाऱ्या आपला श्रावण सरत येईपर्यंत चालतात. ते सोमवार, ती नागपंचमी वर्षभर आधी ठाऊक. तेवढ्यापुरती रात्रपाळी लाव. त्याला पाटल्या कशाला?

२०२८चा सिंहस्थ म्हणशील. मागच्या वेळी, २०१६त, ५ मेच्या वादळात मंडप कोसळले, माणसं दगावली. पुढचे काही दिवस दादाकडे, तुझ्या बाबांकडे, तयार माल पडून होता, पण बेसन त्यानं आठवड्यापुरतंच भरलेलं, म्हणून निभावलं. तेव्हा तू कॉलेजात होतास, तुला कुणी सांगितलं नसेल.

दादानं मला एकदा म्हटलं होतं, "तू बी.कॉम. झालीस, गल्ल्यावर बस." सासरचे काय म्हणतील म्हणून मी गेले नाही. त्याच्या वह्या बघते तेव्हा अजून जीव चुटपुटतो. रोजची विक्री, परत आलेला माल, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. त्या वह्या माझ्याकडे आहेत.

फार बोलले का रे? तुझी शेव ताजी असते तेव्हा दादाच्या हातची वाटते, हेही खरं. कढईचा बयाणा परत मिळतो का बघ. न मिळाला तर माझी एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय, पाटल्या आपण दोघं सोडवू. आईला बोलू नकोस. रविवारी जेवायलाच ये, भरली वांगी करते. वह्या घेऊन बसू.

तुझी,
आत्या