मोजक्या पैशांत कोलकाता

प्रश्न : आम्ही दोघे मित्र डिसेंबरात नागपूरहून कोलकात्याला जातोय. पाठीवर सॅक आणि खिशात मोजके पैसे. राहायचं कुठे, फिरायचं कसं?

उत्तर : मुक्काम सडर स्ट्रीट परिसरात करा. साध्या लॉज आणि डॉर्मिटरी तिथे बऱ्याच आहेत. पण खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. खोली मिळेपर्यंत सॅक कुलूप लावून हावडा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा.

हावड्याहून टॅक्सी टाळा. हुगळी ओलांडायला फेरीबोट अगदी स्वस्त पडते आणि हावडा पूल पाण्यातून दिसतो. घाई असेल तर २०२४ पासून नदीखालून जाणारी मेट्रो एस्प्लनेडला पोहोचवते.

पहाटे मलिक घाटाचा फूलबाजार, दुपारी कॉलेज स्ट्रीटची जुनी पुस्तकं: दोन्हींना तिकीट नाही. इंडियन म्युझियम सडर स्ट्रीटच्या तोंडाशीच आहे, मात्र सोमवारी बंद असतं.

सकाळी कचुरी-भाजी, दुपारी डेकर्स लेनमध्ये ऑफिसवाल्यांच्या रांगेत जेवण. खाण्यात काटकसर करून उपाशी राहू नका. बचत टॅक्सीत करा. हे शहर पायी फिरणाऱ्यालाच खरं भेटतं.