लाल आणि पिवळीची लेक केशरी होईल का?

प्रश्न : आमच्या अंगणात आजीच्या काळची लाल देशी जास्वंद आहे आणि नर्सरीतून आणलेली मोठ्या फुलाची पिवळीही आहे. या दोघींचा संकर करून घरच्या घरी नवी जात काढता येईल का, की ते विद्यापीठाचंच काम? केशरी फूल मिळेल का? निळी जास्वंदही निघते म्हणतात, ते खरं का? आणि समजा जात निघालीच, तर तिला नाव कोणी द्यायचं, हक्क कोणाचा?
– एक वाचक, अंजनगाव सुर्जी

उत्तर : काढता येईल, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. कपाशीच्या मुलखात राहून तुम्हाला ही शंका यावी याचंच नवल वाटलं. जास्वंद आणि पऱ्हाटी एकाच कुळातल्या. भेंडी आणि अंबाडीही त्यातल्याच. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतच्या संशोधन केंद्रावर काढला. १९७० साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचं बी तयार व्हायचं ते हातानं. उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज संध्याकाळी नखानं खुडून टाकायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग तिच्यावर लावायचे. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बायका अजूनही हेच करतात. जास्वंदीत तर काम आणखी सोपं, कारण फूल तळहाताएवढं असतं.

जास्वंदीच्या मधोमध जो लांब दांडा बाहेर येतो, त्याच्या अंगावर पिवळे परागकोश असतात आणि टोकाला पाच गोल, मखमली ठिपके. हे ठिपके म्हणजे मादीचा भाग. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी पाकळ्या अलगद बाजूला करून परागकोश खरवडून काढा आणि कळीला कागदी पिशवी बांधा, म्हणजे मुंगी, मधमाशी किंवा शिंजीर मधे लुडबुड करणार नाही. सकाळी नऊच्या आत दुसऱ्या झाडाचं ताजं फूल तोडून त्याचा दांडा त्या पाचही ठिपक्यांवर फिरवा, परागाची पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे. मग देठाला चिठ्ठी बांधायची. तिच्यावर आधी आईचं नाव, मग गुणिलेचं चिन्ह, मग बापाचं, शेवटी तारीख. हा जगभरचा रिवाज आहे. चिठ्ठी नसेल तर पुढे कोण कोणाचं ते कळणार नाही, आणि त्या रोपाचा अभ्यास तिथेच संपला.

आई कोणाला करायचं हे मात्र विचारपूर्वक ठरवा. आजीच्या लाल जास्वंदीला तुम्ही कधी बोंड धरलेलं पाहिलंय का? बहुतेक नसेल. आपल्याकडची ही जुनी झाडं पिढ्यान्‌पिढ्या फांदीवरूनच वाढवली गेली. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोन संचांपेक्षा जास्त संच असतात. त्यांची वाटणी नीट होत नाही आणि बी धरत नाही. म्हणून पिवळीला आई करा आणि लालीचे पराग वापरून बघा. लालीच्या परागातही दम कमी असू शकतो. सगळी फुलं गळाली तर वाईट वाटून घेऊ नका, नर्सरीतून एकेरी फुलाची तिसरी एखादी जास्वंद आणा. दुहेरी, गच्च पाकळ्यांची नको, कारण तिचे बरेचसे पुंकेसर पाकळ्या होऊन बसलेले असतात.

वेळ ऑक्टोबर ते जानेवारी. तुमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा पराग निकामी होतात आणि कळ्याच गळून पडतात. थंडीच्या सुरुवातीला धरलेलं बोंड साधारण दीड-दोन महिन्यांत तपकिरी होऊन तडकतं. तडकण्याआधी त्याला मलमलची पुरचुंडी बांधा. बियांच्या कठीण सालीला नेलकटरनं बारीकशी खाच द्या. गारठा सरल्यावर, फेब्रुवारीत पेरलं की आठवडाभरात कोंब दिसतात. पहिलं फूल यायला वर्ष ते दोन वर्षं लागतात.

आता केशरीचं. पाकळीतला पिवळा रंग मुख्यतः कॅरोटिन वर्गाचा, म्हणजे गाजरातल्या रंगाचा नातेवाईक. लाल हा पेशीरसात विरघळलेला अँथोसायनिन. दोन्ही एका पाकळीत उतरले तर केशरी, विटकरी, तांबूस अशा छटा येऊ शकतात. पण येतीलच असं नाही, आणि सगळ्या रोपांना सारख्याच तर नक्कीच नाहीत. इथे कपाशीची सवय तुम्हाला फसवेल. संकरित कपाशीच्या पाकिटातलं बी पेरलं की वावरभर एकसारखी पऱ्हाटी उभी राहते; घरचं बी धरून पुन्हा पेरलं की दुसऱ्या पिढीत ती पांगते. कारण त्या संकराचे आई-बाप शुद्ध, स्थिर केलेले वाण असतात. जास्वंदीचे आई-बाप मुळातच संकरांचे संकर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हवाई बेटांतल्या हौशी लोकांनी तिथल्या रानजाती आणि बाहेरून आलेल्या जास्वंदी एकमेकींत मिसळून शेकडो प्रकार केले. नर्सरीतल्या मोठ्या फुलांच्या जास्वंदींत तसल्या संकरांचं रक्त आहे. त्यामुळे कपाशीत दुसऱ्या पिढीला होणारी पांगापांग इथे पहिल्याच पिढीत होते. एका बोंडातल्या दहा बियांची दहा रोपं दहा तऱ्हेची निघतील. कोणी फिकट पिवळं, कोणी मातकट लाल, कोणी चुरगळलेल्या पाकळीचं, आणि कोणी दोन वर्षं निव्वळ पानंच दाखवणारं.

पण त्यातलं एक रोप आवडलं की ते स्थिर करायची भानगड उरत नाही. झेंडूसारखं पीक बियांवरून वाढतं, तिथे चार-सहा पिढ्या निवड करत, शेजारच्या झेंडूपासून लांब ठेवत वाण एकसारखा करावा लागतो. जास्वंदीची फांदी लावली की तेच झाड पुन्हा उभं राहतं. हे अंजनगावकरांना शिकवायला नको. तुमच्याकडचे पानमळे आणि पानपिंपरीचे वाफे सगळे वेलाच्या कांड्यांवरच चालतात. पानवेलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा असतो; पण पानासाठी लावणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही, कांडं लावलं की तोच गुण पुन्हा हातात येतो.

म्हणजे संकर करणं पाच मिनिटांचं आणि टिकवणं कात्रीचं काम. मग कष्ट कुठे आहेत? फेकून देण्यात. नवशिक्याचं इथेच अडतं. स्वतः वाढवलेल्या रोपाला पहिलं फूल येतं, ते गोड दिसतं आणि त्याचं नावही ठेवून होतं. पुढच्या वर्षी कळतं की ते झाड कळ्या गाळतं, किंवा फुलाचं तोंड जमिनीकडे असतं, किंवा पांढरा मिलीबग त्याच्यावर सगळ्यात आधी चढतो.

म्हणून मी तुम्हाला रंगाच्या मागे लागा असं सांगणार नाही. सुंदर रंग हवाईत, फ्लोरिडात, तैवानात ढिगांनी काढून झालेत. नर्सरीत मिळणाऱ्या भपकेबाज संकरांचं दुखणं वेगळंच आहे. त्यातली पुष्कळशी दमट किंवा सौम्य हवेत निवडलेली. वऱ्हाडच्या मे महिन्यात ती होरपळतात आणि काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात त्यांची मुळं कुजतात. त्यात पूर्णेचा खारपाणपट्टा तुमच्या तालुक्याला लागूनच. तिथल्या बोअरच्या पाण्यावर बंगल्यातली नाजूक झाडं पानाच्या कडा जाळून घेतात. आजीची लाल जास्वंद मात्र हे सगळं सोसून उभी आहे. फुलाचा आकार पिवळीचा आणि काटकपणा लालीचा, असं एक झाड तुमच्या अंगणात निघालं तर त्याचं मोल केशरी रंगापेक्षा जास्त. त्यासाठी पहिला उन्हाळा रोपं शेडनेटखाली जपा आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सगळी उघड्यावर ठेवा. पाणी घाला, पण लाड करू नका. जूनमध्ये जी उरतील त्यांच्यातूनच निवडा. सुंदर फुलाचं रोप मेलं तर मेलं. अगदीच जीव अडकला असेल तर त्याचा डोळा देशी लालीवर कलम करून वाचवता येतो. मुळं देशी आणि फूल संकरित ही सोय नर्सरीवाले करतातच.

विद्यापीठाचंच काम का, हा प्रश्न विदर्भातल्या माणसानं विचारू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले. त्यातून निघालेला एचएमटी तांदूळ आपण सगळे खातो; नाव पडलं ते त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी संकर केलाच नव्हता, निसर्गात घडलेला फरक ओळखला आणि धरून ठेवला. फुलझाडांत तर असे फरक एखाद्या फांदीवरच अवतरतात. मेरी पामर ही पांढरी आणि राणी रंगाची फुलं एकाच झाडावर देणारी बोगनवेल अशाच बदललेल्या फांदीतून आली. तुमच्या लालीवर कधी एखादी फांदी वेगळ्या रंगाची फुलली, तर संकराच्या खटाटोपाआधी ती कापून लावा.

गुलाबातलं उदाहरण द्यायचं तर डॉ. बी. पी. पाल यांचं द्यावं लागेल. माणूस गव्हाचा, तांबेऱ्याला दाद न देणारा एनपी-८०९ हा गहू त्यांच्या कामातून आला, आणि १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गुलाब हा त्यांचा जन्मभराचा छंद. ‘दिल्ली प्रिन्सेस’ त्यांचा, ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा गुलाबही त्यांचाच. आणि धीर किती लागतो ते पाहायचं तर फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांचा ‘पीस’ हा गुलाब १९३५ मध्ये केलेल्या संकरातून निघाला आणि त्याला अमेरिकेत हे नाव मिळालं २९ एप्रिल १९४५ ला. दहा वर्षं गेली.

विद्यापीठं आपल्या जागी आहेतच. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं पुण्यात गणेशखिंडीला ग्लॅडिओलस आणि ॲस्टरच्या ‘फुले’ मालिकेतल्या जाती काढल्या. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘पीकेव्ही शुभ्रा’ ही पांढरी शेवंती आहे. अडचण आली तर तिथल्या पुष्पशास्त्र विभागात जाऊन विचारा. किरणोत्साराचा प्रयोग मात्र घरी होत नाही. तुमच्या ओळखीचा टॅग-२४ हा भुईमूग ट्रॉम्बे आणि अकोला इथल्या संशोधकांनी मिळून, किरणांनी बदललेल्या वाणांच्या संकरातून काढला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं निशिगंधात ‘रजत रेखा’ आणि ‘स्वर्ण रेखा’ या रेघाळ पानांच्या जाती गॅमा किरणांनीच मिळवल्या.

निळ्या जास्वंदीबद्दल थोडक्यात सांगतो. जांभळट, राखी-निळसर छटांच्या संकरित जास्वंदी आहेत. गोकर्णीसारखी निळी नाही. गुलाबातही जपानच्या सन्टोरी कंपनीनं पॅन्सीचं जनुक घालून २००९ मध्ये ‘अप्लॉज’ बाजारात आणला, तोही प्रत्यक्षात फिकट जांभळा दिसतो. तेव्हा मोबाइलवर निळ्या गुलाबाचं किंवा सप्तरंगी जास्वंदीचं बी विकायला दिसलं तर पैसे खिशात ठेवा. मुळात चांगली संकरित जास्वंद बियांवरून तशीच्या तशी येतच नाही, हे वर पाहिलंच.

राहिला हक्क. आपल्या देशात वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याखाली नोंदणी व्हायला वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. झाडं आणि वेलींना १८ वर्षं, इतर पिकांना १५ वर्षं संरक्षण मिळतं. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीची फी नाही. पण नोंदणी फक्त सरकारनं अधिसूचित केलेल्या पिकांची होते. गुलाब आणि शेवंती त्यात आहेत. जास्वंदीचं काय, ते अर्ज करण्याआधी या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे विचारून घ्या. नुसतं नाव जगभर मान्य व्हावं इतकंच हवं असेल तर वाट वेगळी आहे. जास्वंदीच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद ऑस्ट्रेलियन हिबिस्कस सोसायटी ठेवते. त्या नोंदीनं विक्रीचा हक्क मिळत नाही. फक्त तेच नाव दुसऱ्या जास्वंदीला देता येत नाही. नाव लॅटिन चालत नाही; १९५९ पासूनचा नियम आहे. मराठी चालतं. आजीचं नाव द्यायचं असेल तर जरूर द्या, पण अर्ज भरण्याआधी त्याच झाडाच्या फांद्यांवरून आणखी चार-पाच झाडं करून दोन-तीन हंगाम पाहा, आणि त्यातली दोन शेजाऱ्यांकडे लावून ठेवा. एकाच झाडावर जात अवलंबून असली की एक बकरी पुरते.